मणक्याच्या ऑपरेशननंतर घरी आल्यावर रोजचं कसं निभावतं? शेजाऱ्यांची मदत घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की एल४-एल५ मधली, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली, गादी (डिस्क) सरकून पायाकडे जाणारी शीर (मज्जातंतू) दबली आहे आणि पुढच्या महिन्यात ऑपरेशन ठरलंय. पत्नी दिवसभर कामावर असतात, मुलगा तीन वर्षांचा आहे आणि शेजाऱ्यांना त्रास द्यायला तुम्हाला संकोच वाटतो. माझं ऑपरेशन याच जागेचं झालं आहे. मी डॉक्टर नाही, तेव्हा तुमच्या सर्जननी वेगळं काही सांगितलं तर त्यांचंच ऐका. विशेषतः नुसता गादीचा तुकडा न काढता स्क्रू घालून मणके जोडणार असतील, तर हिशेबच बदलतो. हाड जुळायला तीन ते सहा महिने, कधी त्याहून जास्त लागतात आणि नियमही कडक असतात. मी लिहितोय ते फक्त गादीच्या ऑपरेशनबद्दल.

पहिल्या आठवड्याची फार धास्ती घेऊ नका. तेव्हा टाके ओढतात, हालचाल जपून होते, घरचे सारखे विचारतात आणि आपण आपोआप सांभाळून राहतो. अवघड काळ येतो तो दुखणं थांबल्यावर. शिरेवरचा दाब गेला की पायातली ती जीवघेणी कळ बहुतेकांची पटकन ओसरते. मग वाटतं, झालो बरे. पण गादीच्या कडेला ज्या फटीतून आतला गर बाहेर आला होता ती फट सहसा शिवलेली नसते. मोठ्या माणसाच्या गादीला रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच, त्यामुळे ती फार सावकाश भरते. तिथूनच गादी पुन्हा बाहेर येऊ शकते. म्हणून घराची जी काही व्यवस्था लावाल ती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातल्या स्वतःला डोळ्यांसमोर ठेवून लावा. तेव्हा चेहरा टवटवीत असतो, कुणी काळजी करत नाही आणि खाली पडलेली वस्तू उचलायला हात आपसूक जातो.

वाकणं, उचलणं आणि कमरेतून पिळणं, या तिन्हींना मनाई असते. ती नुसती खबरदारी नाही. १९९९ मध्ये जर्मनीतल्या हान्स-योआखिम विल्के यांच्या गटाने एका निरोगी स्वयंसेवकाच्या एल४-एल५ गादीतच, म्हणजे तुमच्याच जागी, सेन्सर बसवून दाब मोजला. झोपलेलं असताना सुमारे ०.१ मेगापास्कल (हे दाब मोजायचं एकक), उभं असताना ०.५, आणि २० किलो वजन पाठ वाकवून उचलताना २.३. गुडघे वाकवून नीट उचललं तरी १.७ होताच. हे आकडे वाचल्यावर ‘गुडघ्यात वाकून उचललं तर चालेल ना?’ हा प्रश्न माझ्यापुरता संपला. तीन वर्षांचं मूल साधारण १४ किलोचं असतं.

तर घर. रोज लागणारी प्रत्येक वस्तू कंबर आणि छाती यांच्यामधल्या उंचीवर आणून ठेवा. ऐकायला सोपं वाटतं, पण एक दिवस घरात काय काय करता ते नुसतं बघा. चार्जरचं सॉकेट जमिनीजवळ असतं, चपला खाली, अंगाचा साबण खाली, कपड्यांचा खालचा कप्पा, सिलिंडर, कचऱ्याचा डबा. हे सगळं ऑपरेशनआधी हलवायचं. लांब दांड्याचा चिमटा मिळतो, तो नक्की घ्या, जमल्यास दोन, म्हणजे एक पलंगाजवळ राहील. पायपुसणी आणि मोकळ्या वायरी उचलून टाका. न्हाणीघरात रबरी पायांचं उंच स्टूल हवं आणि घरात हात असलेली, टणक, जरा उंच खुर्ची हवी. सोफ्यात रुतलात की उठताना पाठच वापरावी लागते. जमिनीवर आणि उकिडवं बसणं बंद. कमोड नसेल तर कमोडची खुर्ची भाड्याने मिळते का ते आत्ताच बघा. फोन कायम खिशात, टेबलावर नाही.

पलंगावरून उठायचं तंत्र हॉस्पिटलात शिकवतात, पण तिथे नर्स धरायला असते आणि पलंगाची उंची बटणाने बदलते. म्हणून घरी आधीच सराव करा. उताणे असाल तर आधी दोन्ही गुडघे दुमडायचे. मग खांदे, कंबर, गुडघे सगळं एकाच वेळी ओंडक्यासारखं कुशीवर वळवायचं. वरच्या हाताचा तळवा छातीसमोर पलंगावर टेकायचा, खालचं कोपर रोवायचं. पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडताना त्याच क्षणी हातांनी वर ढकलायचं. पायांचं वजन खाली जातं आणि धड आपसूक वर येतं. दोन्ही एकाच वेळी झालं तर पाठीला जवळजवळ कळतही नाही. लगेच उभं राहू नका, चक्कर येऊ शकते. झोपायला जाताना हेच उलट. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी ठेवा.

शिंक आणि खोकल्याचं कुणी आधी सांगत नाही. शिंक येणार असं वाटलं की पाठ सरळ ठेवून काहीतरी धरा आणि गुडघे जरा सैल सोडा, किंवा पोटाशी उशी घट्ट धरा. दुसरी गोष्ट बद्धकोष्ठता. ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकांनी ती बऱ्याचदा होते, आणि जोर करणं हे पाठीवर ओझंच आहे. पोट साफ होण्याचं औषध डिस्चार्जच्या वेळीच मागून घ्या. पाणी भरपूर प्या. बसणं एका वेळी वीस-तीस मिनिटांच्या वर नको. मग उठून एक चक्कर.

मुलाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण मला वाटतं तुमच्या घरात सगळ्यात नाजूक जागा तीच आहे. ‘बाबाला बाऊ झालाय, उचलायचं नाही’ एवढंच सांगितलं तर मूल ते नाकारणं समजतं. त्याला जवळ यायचा दुसरा रस्ता द्या. पलंगाशी एक बुटकं, न हलणारं स्टूल ठेवा आणि ऑपरेशनच्या आधीपासून त्याला स्वतः चढून तुमच्या कुशीत यायची सवय लावा. चढायचं त्याने, मिठी तुमची. धावत येऊन पायांना बिलगणं थांबवायला ‘आधी टाळी, मग मिठी’ असा काही नियम ठेवा. मुलं नियम पाळतात, फक्त तो रोज तोच असावा लागतो. आणि मूल पडलं, रडलं तर त्या क्षणी हात पुढे जाणारच. त्या क्षणाला दुसरं मोठं माणूस हाकेच्या अंतरावर हवं. म्हणून पहिले काही आठवडे तुम्ही आणि मूल दोघंच घरात, असं ठेवू नका. हे पत्नीशी स्पष्ट बोला, काटकसर दुसरीकडे करता येईल.

चालणं हे या काळातलं खरं औषध. एकदाच लांब नाही, दिवसातून अनेकदा थोडं थोडं. आधी घरात, मग दारापासून पुढच्या वळणापर्यंत. जातानाच परतीचा विचार करा, निम्मी ताकद परतीला ठेवा. सपाट रस्ता निवडा, कुत्र्याचा पट्टा हातात घेऊ नका, गर्दीची वेळ टाळा. पायातली बधिरता लगेच गेली नाही तरी घाबरू नका. सहसा आधी कळ जाते, मग ताकद येते, बधिरता सगळ्यात शेवटी. शीर भरून यायची गती दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर धरतात, आणि कमरेपासून पाऊल किती लांब आहे ते बघा. गाडी सर्जन परवानगी देईपर्यंत आणि गुंगीच्या गोळ्या बंद होईपर्यंत चालवायची नाही.

काही लक्षणं मात्र उद्यावर ढकलायची नाहीत. लघवी अडली किंवा कळल्याशिवाय झाली, जांघेत आणि बसायच्या जागेवर बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, तर थेट इमर्जन्सीत. ताप आला, जखमेतून पू किंवा पाण्यासारखा स्राव येऊ लागला, उठून बसलं की डोकं असह्य दुखतंय आणि आडवं झालं की थांबतंय, पोटरी सुजून दुखतेय, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. एकाएकी दम लागला तर फोन करत बसू नका, हॉस्पिटल गाठा. हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दारामागे लावा, म्हणजे घरात त्या वेळी जे कुणी असेल त्याला कळेल.

आता शेजारी. माझ्या घरी आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने ‘काही लागलं तर सांगा’ म्हटलं आणि ते मनापासूनच म्हटलं होतं. पण सांगायला जीभ रेटत नाही. शेजारच्या काकूंनी वेगळं केलं. त्या दारात येऊन म्हणाल्या, “मी सकाळी कचरा ठेवायला खाली जातेच, तुमची पिशवी दाराबाहेर ठेवत जा.” हो म्हणायला एक क्षण लागला नाही. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की मदत मागायची तर कामाचं नाव, वार आणि वेळ घालून मागावी. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी मुलाला अर्धा तास खेळायला न्याल का?’ असं विचारलं की समोरच्याला हो किंवा नाही म्हणता येतं, आणि नाही आलं तरी कुणाचं मन मोडत नाही. चार घरांत चार छोटी कामं वाटली की कुणा एकावर भार येत नाही, आणि तुमचा संकोचही त्यानेच कमी होईल. भेटायला येणाऱ्यांना सुरुवातीलाच सांगा की मला वीस मिनिटांनी उठावं लागतं. आणि कुणी बिघडलेल्या ऑपरेशनच्या गोष्टी सुरू केल्या तर विषय बदला, तेवढा हक्क तुम्हाला आहे.

महिनाभराने हे सगळे विचारायचे थांबतील, कारण तुम्ही चालताना धडधाकट दिसाल. कामांची वाटणी करतानाच ती कधीपर्यंत हवी आहे ते सांगून ठेवा. तपासणीला जाल तेव्हा सर्जनना ‘वजन उचलू का?’ असं विचारू नका. ‘किती किलो, आणि कधीपासून?’ असं विचारा आणि उत्तर पत्नीसमोर घ्या. घराची एक किल्ली भरवशाच्या शेजाऱ्याकडे या आठवड्यातच देऊन ठेवा, ऑपरेशनच्या तारखेची वाट बघू नका.