रशियाच्या झारच्या काळातली १०० रूबलची नोट खरंच लाखाची असते का? आणि अशा नोटा जमवायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की नोटेवर १९१० साल आहे, राणी कॅथरिनचं चित्र आहे, नोट आपल्या नोटांच्या मानाने खूपच मोठी आहे आणि विकणारा म्हणतोय की शंभर वर्षांच्या वरची आहे म्हणजे लाखाच्या खाली नाहीच. आधी पैशाचं सांगून टाकतो. लाख वगैरे काही नाही, वापरलेली, घड्या पडलेली असेल तर ही नोट हजार-दोन हजारात मिळते. पण घ्यायची असेल तर त्या भावात जरूर घ्या, कारण एवढी देखणी नोट एवढ्या पैशात दुसऱ्या कुठल्याच देशाची मिळत नाही असं माझं ठाम मत आहे.

स्वस्त का, तर या नोटांवरचं साल हे नमुन्याचं साल आहे, छपाईचं नाही. इथेच सगळे नवे लोक फसतात. १९१० चा नमुना पुढे कित्येक वर्षं छापला जात होता. १९१४ च्या जुलैमध्ये पहिलं महायुद्ध सुरू झाल्याबरोबर रशियन सरकारने नोटेच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं आणि मग छापखाना जो सुटला तो सुटलाच. पुढे १९१७ ला झार गेला, बोल्शेविक म्हणजे लेनिनचे कम्युनिस्ट आले, तरी त्यांनीसुद्धा झारचा दुतोंडी गरुड असलेल्या नोटा छापणं चालूच ठेवलं, कारण खेड्यातला शेतकरी नव्या सरकारच्या कागदावर धान्य द्यायला तयार नव्हता आणि जुनी नोट म्हटलं की घ्यायचा. लोकांनी या नोटा पेट्यांत, भिंतीत दडवून ठेवल्या, आज ना उद्या जुने दिवस येतील या आशेवर, आणि १९२२ मध्ये त्या चलनातून कायमच्या बाद झाल्या. तेव्हाचा तो दडवलेला कागद आजपर्यंत बाजारात येतोय.

म्हणून साल सोडा, सही बघा. रशियाच्या स्टेट बँकेच्या प्रमुखाची सही नोटेवर छापलेली असते आणि तिच्यावरून काळ कळतो. प्लेस्के १९०३ पर्यंत, मग तिमाशेव १९०९ पर्यंत, मग कोन्शिन १९१४ पर्यंत आणि शेवटी शिपोव. प्लेस्केची सही असलेली नोट सगळ्यात भाव खाते. तुमच्या १९१० च्या नोटेवर कोन्शिन किंवा शिपोव या दोघांपैकीच एक सही असणार, तिसरी कोणाची दिसली तर ती नोट खोटी समजा. शिपोवची सही भरपूर मिळते, आणि मला विचाराल तर इतिहास म्हणून तीच जास्त बोलते, कारण या माणसाने बोल्शेविकांना बँकेतले पैसे द्यायला नकार दिला, त्यांनी त्याला काढून टाकलं, आणि तरी पुढची काही वर्षं त्याच्याच सहीच्या नोटा छापून चालवल्या.

शेजारी कॅशियरची पण सही असते, त्यांची नावं खूप आहेत, काही लोक फक्त कॅशियर जमवतात. तो नाद नंतर.

आता खरी-खोटी. नोट उजेडासमोर धरा, जी जागा कोरी दिसते तिथे कॅथरिनचा चेहरा वॉटरमार्कमध्ये उमटला पाहिजे, आणि तो सपाट रेघांचा नसतो, गालावर, कपाळावर हळूहळू फिकट होत जाणाऱ्या सावल्या दिसतात. मग साधं दहा पटीचं भिंग घ्या. रंगीत बारीक रेघांच्या नक्षीवर नीट बघा, एकच रेघ चालता चालता एका रंगातून दुसऱ्या रंगात जाते आणि जोड कुठेच सरकलेला नसतो. ही करामत इव्हान ओर्लोव्ह या माणसाच्या छपाई यंत्राची, पीटर्सबर्गच्या सरकारी छापखान्यात १८९० च्या दशकात त्याने ते बसवलं, सगळे रंग एकाच प्लेटवर गोळा होऊन एकाच दाबात कागदावर उतरायचे. आजच्या प्रिंटरवर काढलेल्या कॉपीत भिंगाखाली नुसते ठिपके दिसतात, रेघ सापडतच नाही. फोटो बघून नोट विकत घेऊ नका, निदान विकणाऱ्याकडून उजेडासमोर धरलेला फोटो मागा.

सुरुवात करायची तर माझं ऐका, १०० पासून नको, १८९८ च्या १ रूबलपासून करा. छोटी, स्वस्त, आणि वर सांगितलेल्या चारही सह्या याच एका नोटेवर मिळतात. शिपोववाली काही शे रुपयांत येते, प्लेस्केवालीला थांबावं लागतं आणि खिसा पण हलका होतो. त्यात आणखी एक गंमत म्हणजे जुन्या छपाईत प्रत्येक नोटेला स्वतःचा सहा आकडी नंबर आहे, आणि युद्धाच्या घाईत ते बंद करून दोन अक्षरं आणि दोन-तीन आकडे एवढीच सीरिज ठेवली, म्हणजे तोच नंबर असंख्य नोटांवर. नुसत्या नंबरावरून बहुतेक वेळा अंदाज येतो की ही आधीची की लढाईतल्या घाईची.

त्याच्या जोडीला १९१५ ची तिकिटं घ्या. हो, तिकिटंच, पोस्टाची. लढाईत लोकांनी चांदीची चिल्लर दाबून ठेवली, सुट्ट्यांची बोंब झाली, तेव्हा सरकारने १९१३ च्या रोमानोव्ह घराण्याच्या त्रिशताब्दीची तिकिटं जाड कागदावर छापून १०, १५ आणि २० कोपेकची (१०० कोपेक म्हणजे एक रूबल) नाणी म्हणून चालवली, मागे छापलंय की चांदीच्या चिल्लरीइतकंच हे चालेल. आपल्याकडची पंचम जॉर्जची १ रुपयाची नोट १९१७ ला निघाली तीही याच लढाईतल्या चांदीच्या टंचाईमुळे, त्यामुळे ही दोन्ही शेजारी ठेवली की फार छान दिसतात.

५०० रूबलची १९१२ ची पीटर द ग्रेटवाली नोट पुढे कधीतरी घ्याच, २७५ बाय १२६ मिलिमीटर, आपल्या आत्ताच्या पाचशेच्या जवळपास दुप्पट लांब आणि रुंदीलाही जवळपास दुप्पट. मात्र १७६९ पासूनच्या कॅथरिनच्या काळातल्या असिग्नात नावाच्या नोटांच्या वाटेला आत्ता जाऊ नका. महाग आहेत आणि त्यात नेपोलियनने १८१२ च्या स्वारीत आणलेल्या खोट्या नोटांचा घोळ आहे, अस्सल नोटेवर अधिकाऱ्याने शाईने हाताने सही केलेली असायची आणि नेपोलियनच्या खोट्या नोटेवर ती छापलेली.

सांभाळण्याबद्दल, लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, इस्त्री तर मुळीच नको, घडी गेली तरी कागदाचा जीव जातो आणि जाणकार हातात घेताक्षणी ओळखतो. पीव्हीसीचा अल्बम टाळा, त्याचा चिकटपणा नोटेला लागतो. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवा आणि मधून मधून नोटा उघडून बघा. मोठ्या नोटेसाठी मोठं पाकीट घ्या, छोट्यात बसवायला म्हणून दुमडू नका.

तुमच्या नोटेच्या दोन्ही सह्यांचा आणि नंबरचा जवळून फोटो टाका, कोन्शिन की शिपोव ते सांगतो, मग भावाचं बोलू.