दोनशे तासांनंतर पुढे काय?

प्रश्न : माझ्या मुलीला २०० तासांच्या उड्डाणानंतर व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळाला आहे. उद्योगसमूहांच्या जेट विमानांवर तिला लगेच नोकरी मिळेल का?
– एक पालक, अमळनेर

उत्तर : आपल्या मुलीचे मनापासून अभिनंदन. २०० तास ही परवान्यासाठीची किमान अट आहे. नोकरी देणारी कंपनी मात्र सहवैमानिकाकडूनही सहसा त्याहून बराच अधिक अनुभव मागते आणि विम्याच्या अटींमुळेही अनेकदा तिचे हात बांधलेले असतात. ५,७०० किलोंपेक्षा जड विमानाचे कप्तानपद हवे असेल, तर एअरलाइन ट्रान्सपोर्ट परवाना लागतो आणि त्यासाठी १,५०० तासांचा अनुभव व वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. त्या विशिष्ट जेटचे टाइप रेटिंगही (त्याच प्रकारचे विमान चालवण्याची स्वतंत्र पात्रता) आवश्यक असते, परंतु ते अतिशय खर्चिक असल्याने नोकरीची लेखी हमी नसताना शेती गहाण ठेवून ते करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यापेक्षा प्रशिक्षकाचे रेटिंग, म्हणजे उड्डाण शिकवण्याची पात्रता, घेऊन इतरांना शिकवता शिकवता तास वाढवणे मला अधिक योग्य वाटते. आपल्या खानदेशात शिरपूरलाही उड्डाण-प्रशिक्षण चालते, तेथे अवश्य चौकशी करावी. निवडीच्या वेळी एकूण तासांइतकेच बहुइंजिन विमानावरील आणि इन्स्ट्रुमेंट उड्डाणाचे (केवळ उपकरणांच्या आधारे केलेल्या उड्डाणाचे) तासही बारकाईने पाहिले जातात, म्हणून लॉगबुकातील (उड्डाणांच्या नोंदवहीतील) प्रत्येक नोंद तिने आतापासूनच काटेकोर ठेवावी.