भाजली, जळली की जाळली?

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे भाषांतराचे दोन्ही मसुदे वाचले. पाककृती छान उतरल्यात. रुग्णालयाच्या कागदांवर मात्र बोलायला हवं.

पहिल्याच पानावर मूळ वाक्य आहे, ‘द पेशंट बर्न्ड हरसेल्फ व्हाइल कुकिंग’. तू लिहिलंस, ‘रुग्णाने स्वयंपाक करताना स्वतःला जाळून घेतले.’ अगं, हे वाचून पोलीस तिच्या सासरच्यांना चौकीवर बोलावतील! हरसेल्फ आलं म्हणजे हेतू आला असं नसतं. आय कट माय फिंगर, आय ब्रोक माय आर्म, आय बर्न्ट माय टंग ही सगळी अपघाताचीच वाक्यं. इंग्रजीत माणूस स्वतः कर्ता होतो, आणि त्यात त्याचा दोष आहे असं कुणी समजत नाही. आपल्याकडे बोट कापतं, हात मोडतो, जीभ पोळते. म्हणून इथे ‘स्वयंपाक करताना भाजली’ एवढंच पुरे. जाणूनबुजून केलेलं असेल तर इंग्रजी बहुतेक वेळा ‘सेट हरसेल्फ ऑन फायर’ म्हणतं. तिथे ‘पेटवून घेतलं’ खुशाल लिही.

उलट्या दिशेनेही हीच गंमत आहे. ‘माझा हात भाजला’ याचं तू ‘माय हँड बर्न्ड’ केलंस. वाचणाऱ्याला वाटेल, मिरच्या चिरल्यावर होते तशी हाताची आग होत होती. ‘आय बर्न्ट माय हँड’ कर.

आपल्याकडे जळणं वेगळं, जाळणं वेगळं; शिजणं-शिजवणं, फुटणं-फोडणं तसंच. इंग्रजीत बर्न, कुक, बॉइल ही क्रियापदं दोन्हीकडे चालतात. पत्र जळलं तरी बर्न्ड, कुणी जाळलं तरी बर्न्ड. कर्म आहे की नाही ते पाहायचं, मगच मराठी क्रियापदाला हात घालायचा. आणि ‘ही बर्न्ड हर’ दिसलं की थांब, पुढे कशाने ते वाच. ‘विथ अ सिगरेट’ असेल तर ते जाळणं नाही, चटके देणं आहे. जबाबात ‘त्याने मला पेटवलं’ असेल तर इंग्रजीत नुसतं बर्न्ड नको, ‘सेट मी ऑन फायर’ हवं.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे ‘शी सस्टेन्ड बर्न्स’. डॉक्टरने कातडी पाहिलेली असते, स्वयंपाकघर नाही. म्हणून तो कर्ता मोकळा सोडतो. तूही तसाच सोड. ‘भाजली’ या शब्दाचे उपकारच म्हणायचे, त्यात कुणाचं नाव येत नाही. ‘जाळली’ लिहिलंस की आरोप झाला. हुंडाबळीचं कलम ३०४-ब १९८६ साली भारतीय दंड संहितेत आलं आणि आता ते भारतीय न्याय संहितेत कलम ८० झालं आहे. त्यात लग्नापासून सात वर्षांच्या आत भाजून किंवा शारीरिक इजेने झालेल्या मृत्यूचा उल्लेख आहे. अशा प्रकरणात मृत्यूपूर्व जबानीतलं क्रियापद वकील भिंगाखाली धरतात. बाई ‘स्टो भडकला नि मी पेटले’ म्हणाली असेल तर ‘द स्टोव्ह फ्लेअर्ड अप अँड आय कॉट फायर’. तिने कर्ता सांगितला नाही, तर तुलाही सांगता येणार नाही.

टक्केवारीबद्दल थोडं. ‘४० टक्के बर्न्स’ म्हणजे शरीराच्या एकूण कातडीपैकी तेवढा भाग भाजला. जखम किती खोल आहे ते त्यात येत नाही. मोठ्या माणसाचा एक अख्खा हात ९ टक्के, एक पाय १८ टक्के धरतात. म्हणून ‘४० टक्के जळून गेली’ हे खोड.

स्कॉल्ड हे पाण्याचं, वाफेचं, उकळत्या चहाचं भाजणं. ‘गरम पाण्याने पोळला’ म्हण. पण पाककृतीत ‘स्कॉल्ड द मिल्क’ आलं तर दूध उकळीच्या अलीकडे तापवून उतरवायचं, कुणाला इजा नाही. बर्न मात्र विस्तवापुरतं नसतं. ॲसिडहल्ल्याच्या कलमातही तेच क्रियापद आहे, आणि तिथे ज्वाळेचा संबंधच नाही.

स्वयंपाकातली खरी अडचण उलटी. आपण रवा, भाकरी, वांगं, शेंगदाणे सगळं ‘भाजतो’. इंग्रजीत रवा रोस्ट होतो, पाव बेक होतो, विस्तवावर धरलेल्या वांग्याची साल ‘चार’ होते, म्हणजे करपून काळी पडते. त्यांच्या बॉइलसाठी मात्र आपल्याला निवड करावी लागते. पाणी उकळतं, बटाटे उकडतात. तू ‘बटाटे उकळा’ लिहिलंयस, आजीने ऐकलं असतं तर! ‘द राइस बर्न्ट’ला तू ‘भात जळाला’ केलंस. आपण म्हणतो भात करपला, किंवा खाली लागला.

इजेचे शब्द थोडक्यात सांगते. अपघातात माणसं इंजर्ड होतात, गोळीने किंवा सुऱ्याने वूंडेड. मराठीत दोघंही जखमी, त्यामुळे इंग्रजी लिहिताना तेवढं सांभाळ. कायद्यात हर्ट म्हणजे दुखापत, ग्रीव्हस हर्ट म्हणजे जबर दुखापत. त्यातल्या एका प्रकारात तीव्र वेदनांची मुदत पूर्वी २० दिवस होती, न्याय संहितेत ती १५ झाली. जुना मसुदा समोर ठेवून काम करत असलीस तर तपास. इंजरीला कायद्याच्या कागदात ‘जखम’ करू नकोस. त्या व्याख्येत मन, लौकिक आणि मालमत्ता यांची हानीही येते.

पाककृतींच्या पान ४ वर ‘ब्रॉइल’ आहे. अमेरिकी बाईचं पुस्तक आहे, म्हणजे आच वरून. ब्रिटनमध्ये त्यालाच ग्रिल म्हणतात. तू ‘निखाऱ्यावर भाजा’ केलंयस, ते तेवढं बदल आणि मंगळवारपर्यंत दोन्ही मसुदे परत पाठव.

तुझी,
मावशी