गेम पैसा वसूल आहे की नाही हे कसं ठरवायचं?

नुसता तासांवरून हिशोब करू नका, तो फसवा असतो. २००७ चा पोर्टल हा कोड्यांचा गेम तीन-चार तासांत संपतो पण त्यातलं एकही कोडं उगाच घातलंय असं वाटत नाही, आणि उलट काही ओपन वर्ल्ड गेम (मोठ्या नकाशात मोकळं फिरायचे) शंभर तास चालतात नि त्यातले निम्मे तास मॅपवरचे आयकॉन गोळा करण्यातच जातात, त्याला काय वसूल म्हणायचं? मी तर बघतो की गेम बंद केल्यावरही डोक्यात राहतो का. फ्री गेम तर जास्तच जपून, आत स्किन (पात्रांचे, शस्त्रांचे नवे रूप) आणि लूट बॉक्स (आत काय निघेल ते नशिबावर असलेले डबे) विकतात. नवीन गेमला घाई नको, सेल लागतोच. स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) घेतला तर पहिल्या २ तासांतच नीट पारखा, तेवढ्यापेक्षा कमी खेळला असाल तर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत रिफंड मिळतो.