वेगळेपणाला दोष देण्याआधी टोलेडो बघ

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

‘ज्यू वेगळे राहिले म्हणून त्यांचा द्वेष झाला’ या वाक्यावर तू अख्खा निबंध उभा केला आहेस. ते आधी काढ आणि स्पेनपासून सुरुवात कर.

१३९१ मध्ये सेव्हिलमधून दंगली पसरल्या, तेव्हा हजारो ज्यूंनी जीव वाचवायला बाप्तिस्मा घेतला. धर्माची आडकाठी गेल्यावर त्यांची मुलंबाळं करवसुलीत, नगरकारभारात, अगदी चर्चमध्येही वर चढली. १४४९ मध्ये आल्व्हारो दे लुना या राजाच्या मर्जीतल्या सरदारानं टोलेडो शहराकडे दहा लाख माराव्हेदी (तिथलं नाणं) मागितले. लोकांचा राग निघाला तो वसुली करणाऱ्या धर्मांतरित व्यापाऱ्यावर, मग त्याच्या अख्ख्या गोतावर. ज्यू वंशाच्या ख्रिश्चनांना शहरातली पदं बंद करणारा ठराव झाला. पोपनं त्याच वर्षी निषेध केला, पण ‘रक्तशुद्धी’ची, म्हणजे वंशात ज्यू रक्त नसण्याच्या अटीची, टूम पुढं पसरलीच. म्हणजे माणसं मिसळली, खुर्च्यांवर बसली, आणि मग त्यांच्याविरुद्ध वंशाचा मुद्दा काढला गेला.

इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, ज्यूंवर चाललं असं लिहू नकोस. तिचा हात बाप्तिस्मा झालेल्यांवर पडायचा, जुना धर्म लपून पाळल्याच्या संशयावरून. गोव्यात १५६० मध्ये ती आली, तेव्हा तिची नजर अशाच ‘नव्या ख्रिश्चनां’वर होती. त्यांच्यातलाच वैद्य गार्सिया द ऑर्टा १५६८ मध्ये वारला म्हणून सुटला, असंही नाही: पुढच्या वर्षी बहीण कातारिनाला जाळलं आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली.

जर्मनीत १८७१ मध्ये ज्यूंना समान हक्क आले, १८७३ मध्ये शेअरबाजार कोसळला आणि खापर ज्यूंवर फुटलं, १८७९ मध्ये विल्हेल्म मार या पत्रकारानं द्वेषाला ‘वंशा’चा मुलामा दिला. नाझींच्या १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांचा गाभा मात्र वाचच: वंश ठरवायचा आजी-आजोबांवरून, आणि आजोबा ज्यू का, तर ते ज्यू धर्मसमाजाचे सदस्य होते म्हणून! रक्ताचा पुरावा धर्माच्या दप्तरात शोधायचा.

पण आता उलट टोकाला जाऊन ‘वेगळे राहिले तेच तरले’ असंही म्हणू नकोस. १०९६ मध्ये जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीकाठचे ज्यू वेगळेच होते, तरी धर्मयुद्धाला निघालेल्या जमावांकडून कापले गेले. आणि कोकणातले बेने इस्रायल हे ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवून ‘शनवार तेली’ म्हणवले, तरी त्यांच्यावर तशी वेळ आली नाही. ख्रिस्ताच्या मृत्यूचा ठपका ज्यूंवर ठेवणारं चर्च त्यांच्या गावकुसात नव्हतं. चर्चच्या त्या शिकवणीवर तुझ्या आराखड्यात एकच ओळ आहे. तिथं निदान दोन पानं हवीत, चर्चच्या १२१५ च्या लॅटरन परिषदेनं ज्यूंवर लादलेल्या वेगळ्या पोशाखापासून.