‘वैऱ्यांवर प्रीती करा’ म्हणजे वैरी आवडून घ्या?

प्रश्न असा आहे : ‘निवडणुकीच्या धामधुमीत आमच्या पाळकसाहेबांनी “तुम्ही आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा” या वचनावर उपदेश केला. माझा चुलतभाऊ दुसऱ्या पक्षाचा कट्टर कार्यकर्ता. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो जे टाकतो ते वाचून डोकं फिरतं. त्याच्यावर प्रीती करायची म्हणजे त्याचं म्हणणं मान्य करायचं का? आणि बायबलमध्ये “प्रेम” सोडून “प्रीती” का? ऱ्हस्व की दीर्घ, तेही सांगा.’

प्रेम-प्रीतीचं आधी उरकतो. ‘प्रीती’ला सिनेमाच्या गाण्यांनी इतकं बळकावलंय की शेजारी ‘वैरी’ आला की हसूच येतं. मूळचा शब्द एवढा लाजराबुजरा नाही. संस्कृत ‘प्री’ म्हणजे संतोष देणं किंवा पावणं; पूजेच्या संकल्पातलं ‘परमेश्वरप्रीत्यर्थम्’ त्यातलंच. मराठी ख्रिस्ती कानाला देव, शेजारी, वैरी सगळ्यांसाठी तो सरावाचा आहे. ‘प्रेम’ म्हटलंत तरी बिघडत नाही. ‘माया’ मात्र इथे चालायची नाही, ती आपल्या माणसावरच असते. ‘सद्भावना’ तर नकोच, लगेच मिरवणूक आणि फ्लेक्स डोळ्यांपुढे येतात.

खरी मेख ‘करा’मध्ये आहे. मराठीत ‘आवडणं’ आपल्या हातात नसतं. ‘मला भेंडी आवडते’ या वाक्यात मी कर्ता नाहीच, भेंडी कर्ता. म्हणून ‘भेंडी आवड’ असा हुकूम आईसुद्धा सोडत नाही. ती ‘खा’ म्हणते. प्रीती करता येते, म्हणून तिची आज्ञा देता येते. हे वचन बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातलं; तिथे मूळ ग्रीकमध्येही आज्ञार्थच आहे, आणि त्यातलं क्रियापद ‘अगापे’ या नामाच्या कुळातलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे नेते आणि पाळक मार्टिन ल्यूथर किंग यांनी नोव्हेंबर १९५७मध्ये माँटगोमेरी शहरातल्या डेक्स्टर अ‍ॅव्हेन्यू चर्चमध्ये याच वचनावर प्रवचन दिलं, तेव्हा हाच धागा धरला होता : येशूने वैरी आवडून घ्यायला सांगितलेलं नाही, अगापे म्हणजे भावनेचा उमाळा नव्हे, समोरच्याचं भलं चिंतणं.

बोलणाऱ्याला बोलायचा अधिकार होता. बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध माँटगोमेरीतल्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला होता. ३० जानेवारी १९५६च्या रात्री किंग त्या बहिष्काराच्या सभेत असताना त्यांच्या घराच्या ओसरीवर बॉम्ब फुटला. आत बायको आणि तान्ही मुलगी, दोघी बचावल्या. किंग पोचले तोवर बाहेर संतापलेला जमाव जमला होता, काहींच्या हाती शस्त्रंही होती. महापौर गेल आणि पोलिस आयुक्त तिथेच होते. सत्तावीस वर्षांच्या किंगनी त्याच ओसरीवरून लोकांना सांगितलं : शस्त्रं घरी न्या, वैऱ्यांवर प्रीती करा. लोक पांगले.

पण गोष्ट इथेच संपवली, की प्रीतीचा अर्थ ‘गप्प बसा’ असा होऊन बसतो. दोनच दिवसांनी, १ फेब्रुवारीला, बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध माँटगोमेरीतल्या कृष्णवर्णीय महिलांनी केंद्रीय न्यायालयात दावा लावला. ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ हे त्याचं नाव, म्हणजे प्रतिवादी तेच महापौर! बहिष्कारही थांबला नाही. ३८१ दिवस लोक पायी चालले, मिळेल त्या गाडीत दाटीवाटीने गेले. केंद्रीय न्यायालयाने दाव्याचा निकाल महिलांच्या बाजूने दिला, नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला, डिसेंबरमध्ये लोक पुन्हा बसमध्ये चढले. तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : नाही. मान्य करायचं नाही, पटत नसेल तर ठणकावून सांगायचं.

आणि रागाचं काय? इथेही मराठी व्याकरण मदतीला येतं. राग ‘येतो’, त्याला इलाज नाही. पण तो धरणं, काढणं, गिळणं ही आपली कामं. बायबलातल्या इफिसकरांस पत्रात ‘तुम्ही रागावा, परंतु पाप करू नका’ असं म्हटलंय, आणि पुढे लगेच मुदत घातलीय : तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये. मुदतीनंतर उरतो त्याला आपण डूख म्हणतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात प्रीती ‘चिडत नाही, अपकार स्मरत नाही’ असं आहे. मराठीत ‘स्मरत’ आलं, पण ग्रीक क्रियापद जमाखर्चातलं आहे. गोष्ट विसरायला सांगितलेली नाही, फक्त ती वहीत समोरच्याच्या नावे मांडून ठेवायची नाही. उट्टे काढणं, वचपा काढणं, दात धरणं हे सगळं त्या वहीवरच चालतं. ‘तुझी २०१९ची पोस्ट बघ’ म्हणत जुना स्क्रीनशॉट भिरकावणं, हेही त्यातलंच.

एक शब्द आपण विचारला नाहीत, तो म्हणजे ‘वैरी’. चुलतभाऊ वैरी कधी झाला? तो विरोधक आहे. मतदानाच्या आदल्या रात्री ‘रात्र वैऱ्याची आहे’ म्हणून कार्यकर्त्यांना जागं ठेवणं हा पुढाऱ्यांचा जुना रिवाज. पुढे निकाल लागतो, पुढारी एका लग्नात शेजारी बसून जेवतात, आणि वैर मात्र आपल्या भावकीत मुक्कामाला राहतं. त्याची पोस्ट खोटी असेल तर खोटी म्हणा, पुराव्यानिशी म्हणा. त्याच्या आईचं ऑपरेशन असलं तर डबाही न्या. डबा नेताना तो आवडायलाच हवा, अशी अट नाही.

राहिलं शुद्धलेखन. आजच्या नियमानुसार सुटा शब्द ‘प्रीती’, दीर्घ. जुन्या छापात ‘प्रीति’ दिसेल. समासात पूर्वपद असेल तर ऱ्हस्व : प्रीतिभोजन, प्रीतिसंगम. कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, आणि दर २५ नोव्हेंबरला तिथे एकमेकांविरुद्ध लढणाऱ्या पक्षांची माणसं येऊन जातात. बातम्यांत मात्र त्याचं ‘प्रितीसंगम’ होतं, दोन्ही वेलांट्या चुकीच्या.