दीड लाखाची चिल्लर घेण्यासाठी मुदत ठेव मोडावी का?

प्रश्न: गोव्यातल्या फोंड्यात माझे झेरॉक्स आणि स्टेशनरीचे दुकान आहे. वय 41. घरी पत्नी आणि दोन मुले. तीन लाखांची मुदत ठेव आहे, ती आठ महिन्यांनी पुरी होईल. अमेरिकेत लोक बँकेतून नाण्यांचे रोल आणतात, एकेक नाणे तपासतात, दुर्मिळ तेवढी काढून घेतात आणि बाकीची परत बँकेत भरतात, असे व्हिडिओ मी वर्षभर बघतो आहे. पाच रुपयांचे नाणे पाच रुपयांचेच राहते, म्हणजे यात तोटा होऊच शकत नाही. अर्धी ठेव मोडून दीड लाखाची नाणी फिरवत ठेवावीत असा विचार आहे. पत्नी नको म्हणते. आजीच्या डब्यात पोर्तुगीज काळातली काही नाणी आहेत, तीही विकून भांडवलात घालावीत का?

उत्तर: ठेव मोडू नका आणि आजीचा डबाही विकायला काढू नका. नाणी मात्र जरूर तपासा. त्यासाठी लागणारे भांडवल तुमच्या दुकानाच्या गल्ल्यात आजच आहे.

अमेरिकेत हा उद्योग का चालतो ते आधी समजून घेऊ. तिथे 1964 पर्यंतच्या दहा सेंट, पाव डॉलर आणि अर्ध्या डॉलरच्या नाण्यांत 90 टक्के चांदी होती. अर्ध्या डॉलरमध्ये 1965 ते 1970 या काळातही 40 टक्के चांदी राहिली. ही नाणी सरकारने रद्द केली नाहीत, त्यामुळे ती अजूनही अधूनमधून चलनात मिसळलेली सापडतात. दहा डॉलर देऊन अर्ध्या डॉलरच्या वीस नाण्यांचा रोल घेतला आणि त्यात एक जरी चांदीचे निघाले, तरी त्या धातूची किंमत छापील किमतीच्या कितीतरी पट भरते. त्याला संग्राहक शोधत बसावे लागत नाही, चांदीचा भाव रोज जाहीर होतो.

आपल्याकडे हा आधारच नाही. रुपयातली चांदी 1940 मध्ये निम्म्यावर आली आणि 1947 मध्ये निकेलचा रुपया आल्यावर ती संपली. पुढे 1957 मध्ये दशमान पद्धत आली आणि 30 जून 2011 पासून पंचवीस पैसे व त्याखालची नाणी चलनातून गेली. आज बँकेतून मिळणाऱ्या पाकिटात पोलाद, तांबे-निकेल, निकेल-पितळ असेच साधे धातू असतात. धातूसाठी नाणी वितळवणे हा 2011 च्या नाणे कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. म्हणजे तुम्हाला जे काही सापडेल त्याची किंमत एखादा संग्राहक ते किती आवडीने मागतो यावर ठरणार, आणि असा संग्राहक हवा तेव्हा भेटत नाही. तुमच्या बेतात हीच गोष्ट सुटली आहे.

सापडण्यासारखे काहीच नाही असे मात्र नाही. साल आकड्यांत लिहिलेले असते, त्याच्या खाली किंवा जवळ टांकसाळीची खूण असते: मुंबईचा पत्त्यातल्या चौकटसारखा आकार, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याची काहीच खूण नाही. एकाच वर्षाच्या नाण्यांत एखाद्या टांकसाळीचे नाणे बाकीच्यांपेक्षा कमी दिसते, आणि संच पुरा करणाऱ्याला नेमके तेच हवे असते. काही वर्षी सरकारने परदेशातूनही नाणी पाडून घेतली. 1985 च्या एक रुपयावर सालाखाली ‘एच’ दिसला तर ते बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचे. सगळ्यात जास्त मागणी चुकलेल्या नाण्यांना असते: छाप एका बाजूला सरकलेला, एक बाजू कोरी राहिलेली, दहा रुपयांच्या नाण्यातली मधली चकती जागेवरून हललेली. पाकीट घेताना ते कोरे टांकसाळीतले आहे की लोकांनी भरलेल्या चिल्लरीतले, हेही बघा. कोऱ्या पाकिटात सगळी नाणी सहसा एकाच वर्षाची, पण न झिजलेली असतात. त्यातले चुकलेले नाणे चांगला भाव मिळवते. फिरून आलेल्या चिल्लरीत जुनी साले आणि वेगवेगळ्या खुणा जास्त मिळतात, पण नाणी झिजलेली असतात आणि झिजलेल्या नाण्याला संग्राहक फारसे पैसे देत नाही. ते चमकवायला चिंच किंवा आमसूल लावून घासू नका, घासलेल्या नाण्याची किंमत आणखी उतरते.

आता तुमचे वाक्य तपासू: “तोटा होऊच शकत नाही.”

दीड लाख रुपये पाच-पाचच्या नाण्यांत घेतले तर ती होतात 30,000 नाणी. नाणे कमीत कमी सहा ग्रॅमचे धरले तरी 180 किलो. बँका नाणी साधारण शंभराच्या पाकिटात देतात, म्हणजे तीनशे पाकिटे. दोन्ही बाजू आणि सालाखालची खूण भिंगाखाली नीट बघायची तर एका पाकिटाला दहा मिनिटे लागतात. एका फेरीचे पन्नास तास झाले. त्या काळात ठेवीवर सात टक्के व्याज मिळत असेल असे धरले, तर दीड लाखावरचे महिन्याचे 875 रुपये बुडतात. शिवाय बऱ्याच बँका ठेवीचा अर्धाच भाग मोडू देत नाहीत. पूर्ण मोडावी लागली तर झालेल्या मुदतीचा दर लागतो आणि त्यातून दंड कापला जातो. दर महिन्याला 875 रुपये जादा मिळवून देणारी नाणी सापडली, तर तुम्ही जिथे होता तिथेच असाल, पन्नास तास खर्चून. स्कूटरचे पेट्रोल, ने-आण आणि विकताना दुकानदाराचे मार्जिन मी अजून धरलेलेच नाही.

परत भरणे हे त्याहून अवघड काम. कायद्याने एक रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंतच कुणी घ्यायला बांधील असतो, त्यामुळे घाऊक व्यापाऱ्याला तुम्ही पोतेभर चिल्लर देऊ शकत नाही. बँकेत भरायला रिझर्व्ह बँकेने अशी मर्यादा घातलेली नाही, पण काउंटरवर एकच माणूस असलेल्या शाखेत दर महिन्याला 180 किलो नाणी घेऊन जाणे किती दिवस चालेल, हे तुम्हीच सांगा. रोख भरण्याचे शुल्क प्रत्येक बँकेचे वेगळे, तेही आधी विचारा.

एक गोष्ट व्हिडिओत कुणी सांगत नाही, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. तेच दीड लाख दर महिन्याला बचत खात्यात रोख भरत राहिलात, तर वर्षाची बेरीज 18 लाख होते. एका आर्थिक वर्षात बचत खात्यांत दहा लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली की बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. मोठी रोकड भरताना पॅन लागतो. पैसे तेच असले तरी कागदावर ते 18 लाखांची रोकड दिसणार, आणि उद्या विचारणा झाली तर दुकानाच्या हिशेबाशी तिची जुळणी तुम्हालाच करून द्यावी लागेल. फिरवाफिरवीची एकही पावती तुमच्याकडे नसेल तर ते फार त्रासाचे होते.

त्याऐवजी असे करा. स्टेशनरीच्या दुकानात सुटे पैसे रोज लागतातच. महिन्याला तीन हजारांची नाणी, म्हणजे पाचाची सहा पाकिटे, बँकेतून घ्या. तपासायला एक तास पुरे. उरलेली गिऱ्हाइकांना सुटे म्हणून जातील, परत बँकेत भरायचा प्रश्नच येत नाही. संध्याकाळी गल्ला मोजताना त्या दिवशीची नाणीही बघून घ्या, ती तर आपोआप चालून येतात. तुमच्या तालुक्यात मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी अशी मोठी देवस्थाने आहेत. फंडपेटीतली चिल्लर मोजून बँकेत नेणे हे प्रत्येक देवस्थानाला करावेच लागते. ओळखीच्या समितीला विचारून बघा, नोटा देऊन थोडी चिल्लर मिळाली तर दोघांचेही काम होईल. भिंग, वजनकाटा आणि नाणी ठेवायचा अल्बम यांवर मिळून दोन हजारांपेक्षा जास्त खर्च करू नका. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत पितळी नाणी काळवंडतात. पीव्हीसीच्या मऊ प्लास्टिक पाकिटातही नाणी खराब होतात, त्यात ठेवू नका. विक्री कधीमधी झाली तर त्याची नोंद ठेवा. नियमित खरेदी-विक्री सुरू झाली की ते धंद्याचे उत्पन्न होते आणि दुकानाच्या हिशेबात धरावे लागते.

व्हिडिओंच्या खाली ज्या जाहिराती येतात त्यांबद्दल मी कळकळीने सांगतो. वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या पाच किंवा दहा रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, असे कुणी सांगितले तर तिथेच थांबा. ते 2012 चे, चलनासाठी काढलेले साधे नाणे आहे. आधी नोंदणीचे पैसे भरा, मग कर भरा, मग कमिशन भरा, असे करत लोकांची जमा रक्कम काढून घेतली जाते. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून हे होते, म्हणून बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर इशारा दिला होता. ती अशा खरेदी-विक्रीत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. पैसे गेलेच, तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन करा.

आता आजीचा डबा. गोव्यात बघण्यासारखी नाणी बँकेच्या पाकिटात नसतात, ती अशाच डब्यांत असतात. 19 डिसेंबर 1961 नंतर पोर्तुगीज चलन बंद झाले, ते कुठल्या बँकेतून येणार? डब्यातली नाणी सालाप्रमाणे वेगळी करा. 1881 किंवा 1882 चा, पोर्तुगालचा राजा लुईश याच्या चेहऱ्याचा रुपया असेल तर त्यात 91.7 टक्के चांदी आहे, वजन 11.66 ग्रॅम. 1958 ते 1961 ची एस्कुदोची नाणी, तेव्हाच्या दराने सहा एस्कुदोंचा एक रुपया, ही तांबे-निकेलची आणि बऱ्यापैकी सहज मिळणारी आहेत. शंभर वर्षांवरचे नाणे कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, म्हणून लिस्बनहून कुणी कितीही भाव दिला तरी टपालाने पाठवू नका. प्रत्येकाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, वजन लिहा, आजीकडून आली असे घरच्या वहीत नोंदवा. विकायचीच वेळ आली तर किमान दोन जाणकारांकडून भाव घ्या. ती घाई आज नाही.

ठेवीपुरते तुमच्या पत्नीचे म्हणणे बरोबर आहे. दुकान बंद राहिले तर घर चालवायला तुमच्याकडे ते तीन लाखच आहेत. पत्रात आरोग्य विम्याचा उल्लेख नाही. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल तर त्याचे नूतनीकरण झाले आहे का ते बघा, नसेल तर नाण्यांच्या आधी ते काम करा. आठ महिन्यांनी ठेव पुरी झाली की एक-एक लाखाच्या तीन ठेवी करा, वेगवेगळ्या मुदतीच्या. चवथीला किंवा शाळेच्या फीला पैसे लागले तर एकच मोडावी लागेल, बाकी दोन व्याज देत राहतील.